लग्नाची साक्ष

लग्न ही गोष्ट दोघांची कीं चौघांची, हा प्रश्न वरवर पाहतां गमतीचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर कोणत्या बाजूनें द्यावयाचें यावर पुष्कळ बायकांची भाकर अवलंबून असते. सुशिक्षितांच्या बैठकींत अलीकडे हा विषय निघतो तो बहुधा मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींच्या निमित्तानें. लग्न न करतां एकत्र राहणारीं जोडपीं, त्यांना जागा भाड्यानें द्यावी कीं नाहीं या विवंचनेंत पडलेले घरमालक, आणि या उभयतांवर वर्तमानपत्रांतून होणारी टीका, एवढाच काय तो या विषयाचा विस्तार, अशी आपली समजूत असते. आम्ही पडलों वरुडचे. सातपुड्याच्या पायथ्याशीं, संत्र्यांच्या बागांनीं वेढलेल्या या तालुक्यांत भटजीवांचून, होमावांचून आणि कागदावांचून उभे राहिलेले संसार आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. ते कोणत्याही नव्या विचाराच्या वाऱ्यानें उभे राहिले नव्हते. उलट त्यांची परंपरा आपल्या छापील लग्नपत्रिकेहून पुष्कळ जुनी आहे. अशा संसाराला कायदा काय म्हणतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका वाटत नाहीं, आणि वाचकांसही तो वाटूं नये अशी आमची इच्छा आहे.

आमच्या भाषेनेंच या बाबतींत किती बारीक भेद केले आहेत पाहा. 'लग्नाची बायको' निराळी, 'पाटाची बायको' निराळी. आणि 'ठेवलेली' ती त्याहून निराळी. कोणी 'पाट लावला' म्हणतात, कोणी 'मोहतूर लावला' म्हणतात, कोणी 'गंधर्व केला' म्हणतात. स्त्रीचें लग्न एकदांच. विधवेचा किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीचा जो दुसरा संबंध, तो पाट. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींनीं आपल्या विधवांस तोही मार्ग ठेवला नव्हता. कुणबी, माळी, तेली इत्यादि जातींत मात्र तो रूढ होता. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींविषयीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कुणब्यांच्या पाटाची माहिती आली आहे. पाट रात्रीं लागावयाचा, तोही कृष्णपक्षांत. आणि नवरदेव अविवाहित असेल तर त्याचें आधीं रुईच्या झाडाशीं लग्न लावावयाचें, म्हणजे विधवेशीं होणारा संबंध त्याचाही दुसरा ठरावा. रात्र आणि अंधारा पक्ष यांवरून हा व्यवहार चोरून होत असे असें मात्र कोणीं समजूं नये. पंच बसत, नवें लुगडें दिलें जाई, जातीस जेवण घालावें लागे. समाज पाटाला कमी प्रतीचें लग्न मानी; पण लग्न मानी.

राज्यही मानीत असे. पेशवाईंतील करांच्या नांवांत 'पाटदाम' असें एक नांव आढळतें. विधवेच्या पाटावर घ्यावयाचा हा कर. ज्या गोष्टीवर सरकार कर घेतें ती अस्तित्वांतच नाहीं असें म्हणण्याची सोय सरकारास उरत नाहीं. पुढें एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत दक्षिणेंतील जातींच्या रूढी गोळा करण्याचें काम आर्थर स्टील यांनीं केलें व १८२७ सालीं तें ग्रंथरूपानें बाहेर आलें. त्यांतही पाटाची दखल घेतलेली आहे. नवराबायकोचें जमलें नाहीं तर पंचांसमक्ष गवताची काडी मोडावयाची, म्हणजे 'काडीमोड' झाली. किंवा फारकतीची चिठ्ठी लिहून द्यावयाची. बांधणें आणि सोडणें हीं दोन्ही कामें अशीं जातीच्या पंचांकडे असत. जातपंचायतीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दंड आणि वाळीत टाकणें हीं तिचीं हत्यारें किती क्रूर होतीं हें सर्वश्रुत आहे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ सालीं कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. परंतु एक काम ती निमूटपणें करीत असे: ती लग्नाची जिवंत नोंदवही होती.

इंग्रजी अंमलांत या नोंदवहीवर न्यायालयाची दृष्टि वळली. नवरा जिवंत असतां त्याच्या संमतीवांचून बायकोस दुसरा संबंध करूं देणारी रूढी मुंबई हायकोर्टानें १८६४ सालीं अमान्य केली. आणि पुढें त्याच कोर्टानें असें ठरविलें कीं, लग्न रद्द झालें असें जाहीर करण्याचा किंवा स्त्रीस पुन्हां लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय ओळखीत नाहीं. विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा विधवांच्या कल्याणासाठींच झाला. पण पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जातो असें एक कलम त्यांत होतें. ज्या जातींत पाट पूर्वींपासून चालूच होता त्यांनाही तें कलम लागू आहे, असा निर्णय मुंबई हायकोर्टानें १८९६ सालीं दिला. अलाहाबादच्या हायकोर्टाचें मत नेमकें उलट होतें. म्हणजे ज्या स्त्रियांना त्या कायद्याची गरजच नव्हती त्यांनाही त्याचा दंड मात्र बसला. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. मुंबई हायकोर्टाचा अंमल येथें नव्हता. तरी हिंदु धर्मशास्त्राची महाराष्ट्र शाखाच येथें लागू असल्यामुळें मुंबईच्या निवाड्यांचें वजन येथेंही पडल्यावांचून राहत नसे.

ज्या इंग्रजांनीं हें केलें त्यांच्या घरचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत वधूवरांनीं परस्परांस दिलेल्या शब्दानेंही लग्न बांधलें जाई. चोरट्या लग्नांनीं इस्टेटीच्या वारसांचा घोळ होऊं लागला, तेव्हां लॉर्ड हार्डविक यांनीं १७५३ सालीं कायदा करून चर्चमधील विधि व नोंद हीं आवश्यक ठरविलीं. स्कॉटलंडास तो कायदा लागू नव्हता. मग इंग्लंडांतलीं पळून आलेलीं जोडपीं सार्क नदी ओलांडून ग्रेटना ग्रीन या गांवीं जात, आणि तेथील लोहाराच्या ऐरणीसमोर दोन साक्षीदारांदेखत लग्न लावून मोकळीं होत. आम्हां वरुडकरांस ही कथा वाचतांना सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगांव येथील लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. त्या गोटमारीच्या मुळाशीं, सावरगांवची मुलगी पांढुर्ण्याचा मुलगा पळवून नेत असतां दोघें नदीच्या पात्रांत सांपडलीं, अशी दंतकथा सांगतात. सार्क ओलांडणाऱ्यांस पलीकडे ऐरण मिळाली. जाम ओलांडणाऱ्यांस दोन्हीकडून दगड मिळाले. विधीवांचून होणाऱ्या लग्नाचें भवितव्य कित्येकदां पैलतीरावर कोणता कायदा आहे एवढ्यावरच ठरतें. कांहीं वर्षें एकत्र राहिलें म्हणजे 'कॉमन लॉ' प्रमाणें आपोआप लग्न होतें, ही समजूत खुद्द इंग्लंडांत आजही पुष्कळांची आहे, आणि ती चुकीची आहे. स्कॉटलंडांत दीर्घ सहवास व लौकिक यांवरून लग्न सिद्ध होई. तोही मार्ग २००६ च्या कायद्यानें बंद झाला. अमेरिकेंत टेक्सस, कोलोरॅडो, आयोवा अशा थोड्या संस्थानांत तो अद्याप उघडा आहे.

मग आपल्याकडे काय आहे? अमुक वर्षें एकत्र राहिलें कीं लग्न झालें, असा नियम आपल्या कायद्यांत कोठेंही नाहीं. सात वर्षांचा, दहा वर्षांचा असे जे आंकडे लोक चावडीवर सांगतात ते सर्व कपोलकल्पित होत. आपल्याकडे आहे तें लग्न नव्हे, लग्नाचें अनुमान. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ११४ व्या कलमानें, व्यवहाराच्या सामान्य ओघांत जें घडलें असण्याचा संभव आहे तें घडलें असें मानण्याची मुभा न्यायाधीशास दिली; तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमांतही उतरली आहे. या आधारावर प्रिव्ही कौन्सिलनें १९२७ सालीं, सिलोनमधून आलेल्या एका अपिलांत, असें सांगितलें कीं, स्त्रीपुरुष नवराबायको म्हणून राहत होतीं एवढें सिद्ध झालें तर तीं कायदेशीर विवाहामुळेंच तशीं राहत होतीं असें कायदा मानील. उलट पक्षानें तें स्पष्टपणें खोडून काढावें. १९२९ सालीं त्याच न्यायासनानें हें तत्त्व पुन्हां उच्चारलें. हें अनुमान खोडतां येतें, हें १९५२ च्या एका निकालांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें बजावलें. आणि १९७८ सालीं पन्नास वर्षें एकत्र नांदलेल्या एका जोडप्याच्या बाबतींत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं दाखवून दिलें कीं, अर्ध्या शतकानंतर भटजी आणि वऱ्हाडी यांच्या साक्षीनें लग्न सिद्ध करा असा हट्ट धरला तर फारच थोडीं जोडपीं त्या कसोटीस उतरतील. वाचकांनीं आपल्या आजीआजोबांच्या लग्नाचा पुरावा घरांत शोधून पाहावा; या वाक्याची सत्यता त्यांस तत्काळ पटेल.

या अनुमानाचा व्यवहारांत अर्थ काय होतो हें आम्हीं आमच्या गांवांत जवळून पाहिलें आहे. आमच्या शेजारीं सहा एकर संत्र्याची बाग असलेले एक गृहस्थ होते. पहिली बायको मूल न होतां वारली. पुढें मुलताईकडच्या एका विधवेशीं त्यांनीं पाट लावला. एकतीस वर्षें त्यांचा संसार झाला. मृगबहाराला पाणी तोडण्याच्या दिवसांत बागेंत रात्रीं राखण करावयास जातांना कंदील तिच्या हातीं असे आणि काठी त्यांच्या. ते गेले तेव्हां पाटाला बसलेल्या पंचांपैकीं एकही हयात नव्हता. कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न साधा होता व भयंकरही होता. ती पत्नी ठरली तर हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पहिल्या वर्गांतील वारस म्हणून सगळी बाग तिची. पत्नी न ठरली तर तिचा संत्र्याच्या एका झाडावरही हक्क नाहीं, आणि बाग भावाच्या मुलांची. मधला मार्ग कायद्यानें ठेवलेला नाहीं. पुतणे स्वभावानें वाईट नव्हते. चुलता जिवंत असेपर्यंत ते तिला काकू म्हणत. पटवाऱ्याकडे वारसाच्या नोंदीसाठीं दिलेल्या अर्जांत मात्र तो शब्द गळला आणि त्या जागीं 'सदर बाई' हे दोन शब्द आले.

दिवाणी दाव्यांत तिच्यापाशीं कागद जवळ जवळ नव्हतेच. शिधापत्रिकेवर नांव होतें, पण नात्याचा रकाना कोरा होता. तिच्या वकिलानें तिला लग्नाचा कागद विचारला तेव्हां ती जें बोलली तें आमच्या स्मरणांतून जात नाहीं: "लगन काई कागदावर होत नाई भाऊ, चार मानसाइत होते." विशेष हें कीं, कायदा तिच्याशीं सहमत आहे. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्याचें ५० वें कलम म्हणत असे कीं, दोन माणसांच्या नात्याविषयीं, तें जाणण्याचें विशेष साधन असलेल्या व्यक्तीनें आपल्या वर्तनानें दाखविलेलें मत हा पुरावा होय. आणि त्याखालीं दिलेलें पहिलेंच उदाहरण असें होतें कीं, अमुक दोघांस त्यांचे स्नेही नवराबायको म्हणून वागवीत असत. केवळ मत नव्हे, वर्तन. शेजाऱ्यांनीं त्यांना जेवावयास कसें बोलाविलें, आहेर कोणाच्या नांवानें केला, सुतक कोणीं पाळलें, हे प्रश्न न्यायालयांत विचारले जातात ते चौकसपणामुळें नव्हे. तीच लग्नाची साक्ष होय.

आमच्या मातोश्रींस त्या दाव्यांत साक्षीस बोलावणें आलें. उलट तपासणींत विरुद्ध पक्षाच्या वकिलानें मोठ्या खुबीनें प्रश्न टाकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ही बाई तुमच्या घरीं येत असे काय? येत असे. तिला वाण देत होतां? देत होतों. तिची ओटी भरीत होतां? मातोश्री म्हणाल्या, "नाहीं." वकिलास वाटलें आपण जिंकलों. पुन्हां लग्न झालेल्या विधवेस मंगलकार्यांत सवाष्णीचा मान द्यावयाचा नाहीं, ही रूढी त्याला चांगली ठाऊक होती, आणि त्या रूढीचा उपयोग ती पत्नीच नव्हती हें दाखविण्याकडे करण्याचा त्याचा बेत होता. परंतु मातोश्रींचें वाक्य पुरें झालें नव्हतें. त्या पुढें म्हणाल्या, "पाटाच्या बायकोची ओटी भरीत नाहींत म्हणून भरली नाहीं. ठेवलेली असती तर आम्ही हळदीकुंकवाला बोलावलेंच नसतें." जो अपमान आमच्या समाजानें तिला एकतीस वर्षें केला, तोच तिच्या लग्नाचा पुरावा म्हणून उभा राहिला! न्यायाधीशांनीं तें उत्तर शब्दशः उतरून घेतलें. निकाल मात्र लागला नाहीं. दाव्याचीं वर्षें वाढत गेलीं, खर्च वाढला, आणि अखेर तडजोड होऊन राहतें घर व दीड एकर बाग तिच्या हयातीपुरती तिच्याकडे राहिली. ती पत्नी होती कीं नव्हती हें कोणत्याही कागदावर कधींच ठरलें नाहीं.

हें झालें अनुमानाचें उजळ अंग. त्याची दुसरी बाजू अशी कीं, विधि झाला नाहीं याचा फायदा पुरुषालाही घेतां येतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणें लग्न हें दोहोंपैकीं एका पक्षाच्या रूढ विधींनीं व्हावें लागतें. महाराष्ट्रांतीलच भाऊराव शंकर लोखंडे यांचें प्रकरण याबाबतींत प्रसिद्ध आहे. पहिली पत्नी जिवंत असतां १९६२ सालीं गांधर्व पद्धतीनें दुसरा संबंध केल्याबद्दल खालच्या न्यायालयांनीं त्यांस द्विभार्या प्रतिबंधाखालीं दोषी धरलें. सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं त्यांस मुक्त केलें. होम झाला नाहीं, सप्तपदी झाली नाहीं. हे विधि आपल्या जातींत लागत नाहींत असें म्हणावें तर तशी दीर्घकालची रूढी सिद्ध झाली नाहीं, पांच-सात वर्षांत पडलेल्या पायंड्यास रूढी म्हणतां येत नाहीं. म्हणून दुसरें लग्न झालेंच नाहीं, आणि झालेंच नाहीं म्हणून गुन्हाही नाहीं. तर्क निर्दोष आहे. एखाद्यास तुरुंगांत पाठवावयाचें तर पुरावा कडक हवा, हेंही न्याय्य आहे. ५० व्या कलमांतही द्विविवाहाच्या खटल्यांत केवळ शेजाऱ्यांचें मत पुरेसें नाहीं अशी स्पष्ट पुस्ती होती. पण परिणाम पाहा. पहिलीच्या डोळ्यांदेखत दुसरी घरांत आली तरी पहिलीस दाद नाहीं. आणि जी घरांत आली तीही कोणाची कोणी नाहीं. विधि अपुरा ठेवणारा तेवढा सुटला.

बरें, विधि यथासांग झाला तरी दुसरीची सुटका नाहीं. नवऱ्याची पहिली बायको जिवंत असेल तर ते लग्न मुळांतच शून्य. म्हणून अशा स्त्रीस पोटगी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं महाराष्ट्रांतूनच आलेल्या यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणीं दिला. येथें एक चमत्कारिक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत 'अवरुद्ध स्त्री' नांवाचा एक वर्ग होता. ज्या पुरुषानें तिला उघडपणें कायमची ठेवली, त्याच्या मागें त्याच्या इस्टेटींतून तिला अन्नवस्त्र द्यावें लागे. मुंबईच्या एका प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें १९२६ सालीं हा हक्क मान्य केला होता. १९५६ सालीं पोटगीचा नवा हिंदु कायदा झाला, त्यांतील आश्रितांच्या यादींत तिला जागा राहिली नाहीं. बहुपत्नीत्व बंद करणाऱ्या सुधारणेचे आम्ही पूर्ण समर्थक आहों. पण जुना धर्म जिला कमी लेखून कां होईना भाकर देत होता, तिला नव्या कायद्यानें सभ्यपणें दाराबाहेर उभें केलें, हें सत्य त्यामुळें खोटें होत नाहीं.

गेल्या वीस वर्षांत मात्र न्यायदेवतेचें मन पुष्कळ वळलें आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानें 'विवाहसदृश नातें' ही कल्पना प्रथमच आणली, आणि अशा नात्यांतील स्त्रीस संरक्षण व राहत्या घराचा आसरा दिला. नातें विवाहसदृश केव्हां समजावें याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितल्या: समाजापुढें दोघें पतिपत्नी म्हणून वावरत असावीं, दोघें वयांत आलेलीं व लग्नास मोकळीं असावीं, आणि स्वेच्छेनें पुष्कळ काळ एकत्र राहिलेलीं असावीं. या कसोट्या घेतल्या त्या पाश्चात्य कायद्यांतील त्याच 'कॉमन लॉ' विवाहावरून. त्याच वर्षीं, धाकट्या दिराशीं रूढीप्रमाणें संबंध झालेल्या एका विधवेच्या पोटगीच्या प्रकरणांत, 'पत्नी' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा असें मत देऊन न्यायालयानें तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोंपविला. २०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत, पहिलें लग्न लपवून फसविलेल्या स्त्रीस पोटगी मिळाली. ज्यानें फसविलें त्यालाच त्या फसवणुकीचा फायदा मिळूं नये, हें त्यांतील सार. आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालानें, शून्य विवाहाच्या मुलांस आईबापांच्या स्वतःच्या मिळकतींतच नव्हे, तर एकत्र कुटुंबांत बापाच्या वांट्यास जें आलें असतें त्यांतही हिस्सा मिळेल असें ठरलें. उत्तराखंडांत तर जानेवारी २०२५ पासून सहवासाचीही नोंद सक्तीची झाली आहे. परंतु हें सर्व झालें तरी एक भिंत जशीच्या तशी उभी आहे: विवाहसदृश नात्यांत राहिलेल्या स्त्रीस पोटगी मिळेल, डोक्यावर छप्पर मिळेल, वारसा मिळणार नाहीं. वारसा पत्नीसच आहे, आणि पत्नीपण सिद्ध करण्याचा भार अखेरीस पुन्हां शेजाऱ्यांच्या साक्षीवरच येऊन पडतो.

या ठिकाणीं शाकुंतलाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. कालिदासाच्या नाटकांत दुष्यन्ताला शापामुळें विसर पडतो आणि अंगठी सांपडल्यावर सर्व आठवतें. पण महाभारतांतील मूळ कथेंत शापही नाहीं आणि अंगठीही नाहीं. तेथील राजाला सगळें आठवत असतें. लोक काय म्हणतील या भीतीनें तो भर सभेंत शकुंतलेस नाकारतो, आणि आकाशवाणी झाली तेव्हां कबूल करतो. ऋषींच्या आश्रमांत साक्षीदारांवांचून झालेल्या लग्नाला तेथें आकाशाची साक्ष मिळाली. व्यासांची कथा आम्हांस कालिदासाच्या नाटकापेक्षां न्यायालयाच्या अधिक जवळची वाटते. कारण असल्या खटल्यांत कोणाचीही स्मृति गेलेली नसते. सर्वांस सर्व आठवत असतें. फक्त मध्यें बाग असते.

यावर कोणी असा आक्षेप घेतील कीं, प्रत्येक सहवासास लग्नाची प्रतिष्ठा दिली तर लग्नाचें गांभीर्य तें काय राहिलें, आणि ज्या पहिल्या पत्नीनें संसार मांडला तिच्या हक्काचें काय? आक्षेप पोकळ नाहीं. पहिली पत्नी जिवंत असतां दुसरीचा हक्क वाढविणें म्हणजे पहिलीच्या ताटांतलें काढणें होय. या बाबतींत कायद्यानें सांभाळून पाऊल टाकावें हेंच बरें. ज्यांना लग्नाचें बंधन जाणूनबुजून नको आहे त्यांच्या गळ्यांत तें कायद्यानें बळेंच बांधूं नये, हेंही आम्हांस मान्य आहे. पण आम्ही बोलतों आहों तें तिसऱ्याच वर्गाविषयीं. दोघेंही मोकळीं आहेत, दोघांनींही आपल्या समजुतीप्रमाणें लग्नच केलें आहे, गांवानेंही तें लग्नच मानलें आहे. उणीव आहे ती कागदाची. या उणिवेची शिक्षा नेहमीं मागें उरणाऱ्या स्त्रीसच होते, आणि ती अशा वयांत होते कीं बाहेर पडून नवें कांहीं उभारण्याची उमेद शरीरांत राहिलेली नसते.

आणि ही उणीव भरून काढणें दिसतें तितकें अवघड नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचें १५ वें कलम अशाच जोडप्यांसाठीं आहे. ज्यांचें लग्न कोणत्याही पद्धतीनें होऊन गेलें आहे व जीं तेव्हांपासून नवराबायको म्हणून एकत्र राहत आहेत, त्यांना, दुसरा जोडीदार जिवंत नसेल तर, नोटिशीची तीस दिवसांची मुदत पुरी करून विवाह अधिकाऱ्याकडे नोंद करून घेतां येते. नोंद झाली कीं तें लग्न त्या कायद्याखालचें समजलें जातें आणि झालेलीं मुलें औरस ठरतात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालीं विवाहनोंदणी आहेच, आणि तिच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मात्र नुसता दाखला म्हणजे लग्न नव्हे; विधीवांचून घेतलेला दाखला निरर्थक आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. विधि झालेला असो वा नसो, पुरुषानें दोन साक्षीदारांच्या सहीचें मृत्युपत्र करून ठेवलें तर स्वकष्टाच्या मिळकतीपुरता तरी प्रश्नच मिटतो. त्यास साधा कागदही चालतो.

पण बागेंत राबणारीं हीं माणसें १५ वें कलम वाचणार नाहींत. तें वाचणारे आपण आहों, आणि बहुतेक घरांत असें एखादें जोडपें माहितींतलें असतें: शेत कसणारें, स्वयंपाकाला येणारी बाई व तिचा घरधनी, कधीं कधीं आपलाच एखादा दूरचा काका. तीं दोघेंही हयात असतांना त्यांस घेऊन विवाह अधिकाऱ्याच्या कचेरींत जावें. अर्ज लिहून द्यावा. साक्षीदार म्हणून आपली सही करावी. तें न साधलें, आणि उद्यां कोणीं विचारलें, तर जें पाहिलें तें सांगण्यास जावें. तारीख पडली म्हणून कंटाळूं नये. आणि तोंवर, येत्या संक्रांतीस, वाणाबरोबर तिची ओटीही भरावी. आमच्या घरीं मातोश्रींनीं त्या साक्षीनंतरच्या पहिल्याच संक्रांतीपासून तसा नियम घातला आहे. कायद्यानें तो पुरावा मानो वा न मानो, ती बाई तेथें बसली होती आणि तिच्या पदरांत तांदूळ व नारळ पडला होता, हें पाहणाऱ्या बायका त्या दिवशीं आमच्या ओसरीवर वीस-पंचवीस तरी होत्या.